सदा, तुझा पाय बरोबर होता

सदा, दोन हजार पंचवीस साल, माझं वय बाहत्तर, तुझं सदुसष्ट, आणि तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. आपलं बोलणं मात्र त्याच्याही चार महिने आधी बंद झालं होतं. ते मी बंद केलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, नाहीतर पुढे माझाच हात पळवाट शोधेल.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला लिहायला वेळ लागतो. तुझी अस्मिता म्हणाली, तात्या, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी नको म्हटलं. तुझी मुलगी लिहायला बसली की मधे मधे माझ्याविषयी चांगलं घालणार. तशी मेहरबानी मला नको आहे.

तू कुठला, किती वर्षं गाडी चालवलीस, रात्री झोपेतच कसा गेलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं विहारात त्या दिवशी माईकवरून सांगून झालं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. मला दुसरंच सांगायचं आहे. मला तुझ्या पायाविषयी सांगायचं आहे.

जानेवारीतली ती सकाळ तुला आठवत असेल. आठवत असेल काय, तीच घेऊन गेलास तू. आपल्या चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवरचा नाका, टपरीवर मी चहा घेत उभा, आणि बाळू धरून चौघं ड्रायव्हर गाड्या लावून बसलेले. तू गाडी घेऊन आलास. तिसऱ्या वेळेला. म्हणालास, तात्या, गाडी अजून जड चालते, न्यूट्रलला टाकली की पुढे जात नाही, जागच्या जागी बसते. ब्रेक धरून ठेवतात.

मी तोपर्यंत पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर उघडून साफ करून रबरं बदलली होती. दुसऱ्यांदा आलास तेव्हा उजव्याचा केला होता. डिस्कला चिमटीत धरणारा भाग तो, गाडी धरते म्हणजे तोच अडकलेला असणार, पन्नास वर्षांत मी हेच बघत आलोय. तू म्हणालास, "अरे लेका, एक चाक नाही, दोन नाहीत, चारही गरम होतात. खाली काय शोधत बसलायस, वर बघ."

वर बघ. माझ्या धंद्यातलं मला, आणि तेही चौघांच्या देखत. माझं डोकं फिरलं की माझ्या तोंडात गावची भाषा येते, तुला माहीत आहे.

"गाडी धरणा नाय, तुझो पाय धरता," मी म्हटलं. "म्हातारो झालंस तू. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतंस आणि माका शिकवतंस."

बाळू हसला. बाकीचे हसले. बाळूची जीभ तयारच असते, तो म्हणाला, म्हणजे आपला सदाभाऊ हाफब्रेक. तू चहाचा ग्लास अर्धा ठेवलास, "बरं" म्हणालास आणि गाडी वळवून गेलास.

ज्यांनी कधी स्टेअरिंग धरलं नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. ड्रायव्हरला एक वेळ तोंडावर चोर म्हटलं तर तो भांडेल आणि विसरेल. पण ब्रेकवर पाय टेकवून गाडी चालवतो असं म्हटलं, तर तुला गाडी येतच नाही असं म्हटल्यासारखं आहे. शिकाऊ माणूस तसं करतो, घाबरलेला माणूस तसं करतो. आणि तू तर उजव्या पायातली चप्पल काढून चालवायचास. पेडल पायाला कळलं पाहिजे म्हणायचास. चप्पल सीटच्या बाजूला उभी करून ठेवलेली असायची, पॅसेंजर विचारायचे, काका, चप्पल चावते का. हे मला ठाऊक होतं, सदा. बोललो तेव्हाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून नाक्यावर तुझं नाव हाफब्रेक पडलं. तू गॅरेजवर यायचा थांबलास. मी रोज त्याच टपरीवर चहा प्यायलो, त्यांना तुला हाफब्रेक म्हणताना ऐकलं, आणि एकदाही म्हटलं नाही की बस झालं. मला वाटायचं, येईल, कुठे जातोय. तू आधी आलास की मी बोलणार होतो. तू तिकडे बसून तेच म्हणत असशील.

तुला स्मशानात नेलं तेव्हाही मागे कोणीतरी हळू म्हणालं, हाफब्रेक गेला रे. वाईट मनाने नाही म्हणालं, हळहळूनच. पण शेवटचं नाव तेच घेतलं. ते नाव माझ्या तोंडातून निघालेलं होतं, आणि मी पुढे बघून चालत राहिलो.

विहारातल्या कार्यक्रमानंतर तीन दिवसांनी अस्मिता गाडी घेऊन गॅरेजवर आली. एकटी. जय भीम तात्या म्हणाली, मीही म्हटलं. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. मला वाटलं गाडी विकायची म्हणून आली असेल. तसं नव्हतं. तिने टॅक्सी चालवायचा बॅज काढलाय, तुला ते माहीत होतंच, तूच तिला लायसन्सच्या ऑफिसला नेलं होतंस. तिच्या कॉल सेंटरने कॉन्ट्रॅक्ट संपवल्यापासून तुमचं हेच ठरलं होतं, की वर्षभरात तू घरी बसायचं आणि तिने गाडी नाक्यावर लावायची. तर ती आदल्या दिवशी नाक्यावर विचारायला गेली होती, माझी गाडी लावू का म्हणून. तिला कोणी नाही म्हटलं नाही. पण ती वळली तेव्हा मागून बाळू म्हणाला, हाफब्रेकची हाफब्रेक.

"तात्या, मला बाबांनी शिकवलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी नाही. त्यांचा पाय वाईट असेल तर माझाही वाईट आहे. तुम्ही तसं म्हणाला होतात ना? मग मला आत्ताच सांगा, मी ही गाडी धंद्यावर काढू की नको?"

मी म्हटलं गाडी ठेवून जा. ती म्हणाली, ठेवते, पण नुसतं झालं ठीक असं सांगू नका, कारण काय ते शोधून काढा. अगदी तुझ्यासारखं, हनुवटी पुढे काढून. आणि जाता जाता एक गोष्ट सांगून गेली. हे चार महिने आईने तुझ्या मागे लकडा लावला होता की तात्या नाही तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा. तू दाखवली नाहीस. तू वहिनींना म्हणालास, तात्याने हात लावलेली गाडी दुसऱ्याने उघडली आणि चूक सापडली, तर चारकोपात तात्याचं नाव जाईल.

ती गेल्यावर मी त्याच स्टुलावर बसून राहिलो. मग उठलो. बसून काही होणार नव्हतं.

पहिल्या दिवशी मी काही उघडलं नाही. नुसती गाडी चालवली, गोराईच्या रस्त्याने गेलो आणि आलो. मी पण उजव्या पायातली चप्पल काढली. जमेल तेवढा ब्रेक टाळला, गाडी गियरवर हळू केली. तीनेक किलोमीटरवर ती जड व्हायला लागली. जणू कोणी मागून शर्ट धरून ओढतंय. परत येऊन चारही चाकांजवळ हात नेला. चारही तापलेली, पुढची तर हात लावू देईनात. तू सांगितलं होतंस तस्सं. आता त्यात तुझा पाय नव्हता. तरी माझा खोटेपणा बघ, मी मनात म्हटलं, असेल, माझाही पाय जड झाला असेल या वयात. माणूस हरायला लागला की काय काय पकडून ठेवतो.

मग जॅक काढायला डिकी उघडली. जॅकशेजारी फडक्यात गुंडाळलेला दहाचा पाना, हातभर पारदर्शक नळी आणि तळाशी काळपट तेल साठलेली पाण्याची बाटली. मी ते हातात घेतलं आणि मला सगळं दिसलं. गाडी फारच धरायला लागली की तू रस्त्याच्या कडेला घ्यायचास, चाकामागचा निपल जरा सैल करायचास, अडकलेलं तेल बाटलीत सोडायचास, चाक मोकळं झालं की निपल आवळून पुढे. वरची तेलाची टाकी बघून भरायचास की नाही, देव जाणे. देव तू मानत नाहीस, असो.

हे असं करायचं नसतं, सदा. हे मी तुला ओरडून सांगितलं असतं. एक दिवस तेल संपलं असतं, हवा शिरली असती आणि पॅसेंजर बसलेला असताना पेडल तळाला गेलं असतं. एवढा जुना ड्रायव्हर तू, तुला हे कळत होतं. तरी माझं नाव जाऊ नये म्हणून कडेला बसून निपल सोडत होतास. याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. रागही येतो. तो येऊ दे.

पण त्या नळीने मला एक गोष्ट सांगितली. निपल सोडल्यावर चाक मोकळं होत होतं, म्हणजे कॅलिपर अडकलेला नव्हताच. मी दोन्ही वेळा निर्दोष माणसाला मारलं होतं. तेल वरून परत यायला वाट नव्हती, म्हणून खाली दाब राहत होता. आणि एका चाकाची नळी आतून फुगून बंद होते, तसं मी पाहिलंय, पण चारही नळ्या एकदम बंद व्हायच्या नाहीत. म्हणजे वर. तू म्हणालास तसं वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं, गाडी चारही बाजूंनी उचलून ठोकळ्यांवर घेतली. गार असताना चाकं फिरत होती. इंजिन चालू केलं, पेडल तीसचाळीस वेळा दाबलं, इंजिनाची ऊब वर पोचू दिली, आणि परत चाकांना हात घातला. जाम.

आता तुझ्या पायाची परीक्षा होती. माझीही. ब्रेकचं पेडल दाबलं की एक दांडी पुढे सरकते आणि मास्टर सिलिंडरला ढकलते. तो सिलिंडर इंजिनाच्या बाजूला दोन नटांवर बसवलेला असतो. पेडल वर आलं तरी दांडी जराशी पुढेच राहिली, किंवा कोणाचा पाय पेडलवर टेकलेला असला, तर सिलिंडर दाबलेला राहतो आणि ब्रेक सुटत नाहीत. म्हणून मी ते दोन नट सैल केले आणि सिलिंडर बोटाच्या पेराएवढा पुढे ओढला. आता पेडल वेगळं, सिलिंडर वेगळा. आता पेडलवर तू नाचला असतास तरी सिलिंडरला पत्ता लागला नसता. चाकं सुटली, तर दोष पेडलकडचा. नाही सुटली, तर पायाचा काही संबंध नाही.

मी पुढच्या डाव्या चाकाला दोन्ही हात लावून जोर केला. फिरलं नाही. उजव्याला केला. नाही. मागच्या दोघांना केला. मग परत पहिल्याला, कारण मला वाटलं मी नीट जोर केला नसेल. चाक हललं नाही.

सदा, तुझा पाय बरोबर होता. मी हे गॅरेजमध्ये मोठ्याने बोललो. शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरने काच वर करून माझ्याकडे बघितलं.

मग सिलिंडरला जोडलेला पाइप जरा सैल केला. तेल फुस्स करून आलं, आणि चाक माझ्या एका बोटाने फिरलं. चोर सापडला. आता तो चोर कसा झाला ते बघायचं होतं. तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत एक रबराची चकती असते, सपाट. ती बाहेर आली तळलेल्या पापडासारखी वाकडीतिकडी, फुगलेली. परत बसवायला गेलो तर बसेना, झाकणापेक्षा मोठी झाली होती. सिलिंडरच्या आतलं रबरही असंच फुगलेलं असणार. तेल वर परत यायला जे सुईएवढं भोक असतं, ते त्या फुगलेल्या रबराने झाकलं जात होतं. गार असताना जरा उघडायचं, तापलं की बंद.

रबर असं कशाने फुगतं ते मला माहीत आहे. ब्रेकच्या टाकीत दुसरं तेल गेलं की फुगतं. इंजिनचं, स्टेअरिंगचं, कुठलंही. मला पहिला विचार काय आला सांगू? पंपावर कोणीतरी गाढवाने घातलं असेल. मी त्या गाढवाला शिव्याही दिल्या.

शहानिशा करावी म्हणून चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि टाकीतलं तेल चमचाभर त्यात सोडलं. खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे वर तवंग धरून बसलं. मग म्हटलं, शेजारी चांगलं ब्रेक ऑइल सोडून बघू, फरक दिसेल. फळीवरची माझी उघडी बाटली काढली, तांब्याची तार बांधलेली, दुसऱ्या ग्लासात सोडलं. तेही वर तरंगलं.

मी ग्लास धुतला आणि परत केलं. परत तरंगलं.

आता हे तुझ्याशिवाय कोणाला पूर्ण कळणार नाही. मला इंग्रजी अक्षर येत नाही. बाटल्यांवरचं मी वाचत नाही, रंगाने, वासाने आणि तारेने ओळखतो. गिऱ्हाइकाच्या गाडीत ब्रेक ऑइल घालायचं तर त्याच्यासमोर सीलबंद डबा फोडायचा, हा माझा नियम. उरलेलं तेल एका बाटलीत ओतून ठेवायचं, तिच्या मानेला तांब्याची तार. ती बाटली आपल्या माणसांची. आपली माणसं म्हणजे गाडीवाला तू एकटाच. स्टेअरिंग ऑइलचीही तसलीच बाटली, तिला तार नाही. तू मला किती वेळा म्हणालास, तात्या, मराठीत ब्रेक असं लिही की बाटलीवर, दोन अक्षरं आहेत. एकदा मार्करही आणून ठेवलास. मी म्हणायचो, माझा हात मला सांगतो, लिहायला मी काय वाणी आहे. खरं कारण वेगळं होतं. लिहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मला इंग्रजी वाचता येत नाही. जे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आणि खंडेनवमी. दरवर्षी मी हत्यारं, बाटल्या, फळ्या सगळं केरोसीनने पुसून काढतो, पूजा मांडतो. त्या दिवशी बाटल्यांच्या तारा सोडतो, चकचकीत घासतो, परत बांधतो. गेल्या खंडेनवमीला मी तार चुकीच्या बाटलीला बांधली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तू गाडीला झेंडूचा हार घालून आलास, सोनं दिलंस, मी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल जरा कमी दिसलं, आणि आपल्या माणसाची बाटली काढून प्रेमाने भरलं. तेव्हापासून ब्रेक धरायला लागले. पुढे दोन वेळा कॅलिपर केले, दोन्ही वेळा त्याच बाटलीतून भरलं. मी गाडी दुरुस्त करत नव्हतो, सदा. मी विष वाढवत होतो, आणि वर तुझ्या पायाला शिव्या घालत होतो.

मी ती बाटली गटारात ओतणार होतो. नाही ओतली. फडक्यात गुंडाळून ठेवली, दाखवायला लागेल म्हणून.

मग तीन दिवस काम केलं. माझी कंबर तुला ठाऊक आहे, पण कंबरेला विचारलं नाही. ब्रेकमध्ये रबर म्हणून जिथे जिथे काही आहे ते सगळं काढलं. अर्धवट ठेवलं तर जुनं तेल नव्या रबराला परत फुगवतं. मास्टर सिलिंडर नवा, चारही नळ्या नव्या, पुढच्या कॅलिपरची रबरं, मागच्या ड्रममधले छोटे सिलिंडर, सगळं. लोखंडी पाइप स्पिरिटने धुतले, हवा मारून कोरडे केले, परत धुतले. बोरिवलीच्या दुकानात सामानाला गेलो तर दुकानदार म्हणाला, तात्या, कोणी घातलं तेल? मी म्हटलं, होता एक. तेवढं अजून तोंडातून निघत नव्हतं.

शेवटी हवा काढायचं काम राहिलं. ते दोघांचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडून हवा सोडायची, बंद करायचा, मग पेडल सोडायचं. पेडलवाल्याने एक क्षण आधी पाय उचलला तर हवा परत आत. विक्रोळीच्या वर्कशॉपमध्ये आपली ओळख झाली तीच या कामावर. तू तिथे साहेबाची गाडी चालवायचास, आणि मी सांगेन तेव्हा पेडलवर बसायचास. एकदा मी "धर" म्हटलं आणि मला फोरमनने बोलावलं, तिथे बाचाबाची झाली, मी विसरलो. पंधरावीस मिनिटांनी परत आलो तर तू तसाच, पाय पेडलवर, मांडी थरथरतेय. मी म्हटलं, अरे येड्या, सोडायचं ना. तू म्हणालास, तू सोड म्हणालाच नाहीस. त्या पायाला मी चारचौघांत नाव ठेवलं.

अस्मिताला फोन केला. ती आली, सीटवर बसली, आणि न सांगता उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला उभी केली. मी गाडीखाली होतो, तरी मला तेवढं दिसलं.

दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. चारही चाकं झाली. ती एकदाही चुकली नाही. तिचा पाय तुझाच आहे, सदा, मी सांगतो, पन्नास वर्षांचा हात सांगतो. शेवटच्या चाकाला मी "धर" म्हटलं आणि गाडीखालूनच तिला सगळं सांगितलं. तार, बाटली, दसरा, सगळं. तोंडासमोर तोंड नव्हतं म्हणून सांगता आलं. पेडल जरासुद्धा हललं नाही.

सगळं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "सोड म्हणा ना तात्या, पाय दुखतोय."

मी सोड म्हटलं. बाहेर आलो. ती रडलेली दिसत होती, पण आवाज साफ होता. म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, नाक्यावर सांगा. मी म्हटलं, सांगेन, सदाचा पाय चांगला होता म्हणून सांगेन. ती म्हणाली, तेवढं नको, तेल तुमचं होतं तेही सांगा. नाहीतर ते म्हणतील, मेलेल्या माणसाचं चांगलं बोलतात.

मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, पोरी, बाहत्तर वर्षांचा आहे मी, माझ्याकडे दुसरं काही नाही, हात आहे आणि नाव आहे. ब्रेकमध्ये चुकीचं तेल घालणारा मेकॅनिक म्हटल्यावर उद्या कोण गाडी आणेल माझ्याकडे?

"बाबांनी तुमचं नाव चार महिने सांभाळलं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा." किल्ली बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, गाडी उद्या नाक्यावर तुम्हीच आणा.

मला तुझ्याशी अजून एक भांडण करायचं आहे. दसऱ्यालाच, तेल भरताना, तू वास घेतलास आणि म्हणालास, आज वास वेगळा येतोय. आठवतं? मी म्हटलं, तुला सर्दी झालीय. तू गप्प बसलास. का बसलास गप्प? इतर वेळी पेपरातली बातमी घेऊन माझ्याशी तासभर भांडायचास, तेव्हा का नाही म्हणालास की तात्या, दाखव बाटली? मी ऐकलं नसतं, हे खरं आहे. तरी म्हणायचं होतंस.

ब्रेक ऑइलच्या नव्या बाटलीवर मी मार्करने ब्रेक असं लिहिलं आहे. अक्षर वाकडं आहे. तुला बघून हसू आलं असतं, आणि मी तुला हसू दिलं असतं, एक वेळेला.

अस्मिता किल्ली ठेवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तुझी गाडी नाक्यावर नेली, न्यूट्रलला टाकून उतरलो, आणि टपरीवर बसलेल्या तिघांना म्हटलं, ढकला, एका हाताने. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं. एक जण उठला, त्याने हात लावला, आणि गाडी अशी सरकली की त्यालाच धावत जाऊन हँडब्रेक ओढावा लागला. मग मी फडकं सोडून बाटली काढली, टपरीवाल्याकडून ग्लासभर पाणी मागून घेतलं, तेल वर तरंगताना दाखवलं, आणि सांगितलं. सदाचा पाय बरोबर होता, चुकीचं तेल मी घातलं, तीन वेळा घातलं, आणि तो खरं सांगत होता तेव्हा मी तुमच्यासमोर त्याला खोटं पाडलं. एकाने मान खाली घातली. दुसऱ्याने विचारलं, तात्या, मग माझ्या गाडीत कुठलं घातलंय? मी म्हटलं, तुझ्यासमोर डबा फोडलेला आहे, तरी आण, पाण्यात टाकून दाखवतो. तो म्हणाला, आणतो. अस्मिता आली, गाडी रांगेत लावली. बाळू मात्र नव्हता. तो एअरपोर्टचं भाडं घेऊन गेला होता. ते म्हणाले, तात्या, तुम्ही जा, आम्ही सांगू त्याला. मी नाही म्हटलं. उभा राहिलो. पावणेअकराला बाळूची गाडी आली. तो उतरला, मी टपरीवाल्याकडून पाण्याचा दुसरा ग्लास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.